छोटी टेकडी कोणी कापली?

प्राचार्य देशकर सरांनी मला फसवलं. सीताबर्डीच्या लढाईचं मॉडेल मी बनवलं, त्यातली छोटी टेकडी त्यांनी मला न विचारता कापली, आणि खाली पितळी पाटीवर माझं नाव तसंच राहू दिलं. आता जो कोणी ते मॉडेल पाहतो, तो समजतो की वामन ढोकेला टेकड्या बनवता येत नाहीत.

एवढं आधी सांगून टाकलं. संपादकांनी मला ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं होतं. गमती आहेत, त्याही येतील. पण हे बाहेर पडल्याशिवाय माझ्या हातून दुसरं काही लिहून होणार नाही. चार वेळा बसलो, चार वेळा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. बायको म्हणाली, “लिहून टाका नं एकदाचं. अंगणाले रस्ता पडून राहिला.”

माझा धंदा काय, ते आधी सांगतो. मी जमीन बनवतो. टेबलावर मावेल एवढी. लढाई शिकवायची तर ती ज्या जमिनीवर झाली ती समोर असावी लागते. टेकडी कुठं, नाला कुठं, कोण कुठून दिसत होतं, हे फळ्यावर खडूनं कळत नाही. म्हणून सैन्यभरतीच्या तयारीचे वर्ग, काही शाळा, काही संग्रहालयं अशी मॉडेलं करून घेतात. नकाशावर डोंगराभोवती वाकड्यातिकड्या रेषा असतात. एका रेषेवरची सगळी जागा एका उंचीची. मी एकेक रेषा प्लायवर उतरवतो, करवतीनं कापतो आणि तुकडे एकावर एक बसवतो. पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर उभा राहतो. पायऱ्या लाकडाच्या भुशानं आणि कागदाच्या लगद्यानं भरतो, वर प्लास्टर, वर रंग. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

मी नववीत शाळा सोडली. वडील नरखेड तालुक्यातून नागपुरात आले आणि सक्करदऱ्यात एका खोलीत राहिले. मी लगदा कालवायला शिकलो तो मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून जाळायचे पुतळे, बनवताना. बडग्याचं नाक मोठं केलं की लोक खूश होतात, तेवढी कला तेव्हा होती. पुढं गणपतीच्या झाँक्या करायला लागलो. धबधबा, गुहा, हिमालय. माझा कापसाचा हिमालय पाहायला लांबून लोक यायचे.

त्या हिमालयासमोर एका वर्षी एक उंच, काटक माणूस बराच वेळ उभा राहिला. मी वाट पाहत होतो, आता हा वाहवा करील.

“हा डोंगर कोनं बनवला?”

“मी.”

“कधी डोंगर पायला का?”

“नाही.”

“दिसूनच राहिलं.” त्यांनी काठी उचलून दाखवली. “हा नाला पाय. वरतून निंघते आन मधातच संपते. पानी कुठं गेलं गा? तू पेला का?”

आजूबाजूची माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “तुम्हाले येते तं तुम्हीच बनवा!” ते म्हणाले, “मले नाही येत. तुले येते. म्हणून तं उभा आहो.”

असा शिव्या-कौतुकाचा एकत्र प्रसाद मला पहिल्यांदाच मिळाला. ते सुभेदार पुंडलिकराव. नरखेडकडचेच, निवृत्त होऊन सक्करदऱ्यात राहायला आलेले, आणि घराच्या गच्चीवर पोरांना भरतीसाठी तयार करणारे. त्यांना गच्चीवर एक मॉडेल हवं होतं. माझं सगळं शिक्षण त्या गच्चीवर झालं.

पहिलं मॉडेल मी मोठ्या प्रेमानं सजवलं. झाडं लावली, गाई चरायला सोडल्या. सुभेदारांनी गाईंकडे पाहिलंही नाही. खिशातून आगपेटी काढली, एक काडी एका उंचवट्यामागे उभी केली, आणि मला म्हणाले, “त्या टोकावर डोया लाव. टेबलाच्या बरोबरीनं. काडी दिसते?”

“नाही.”

“हातभर सरक. आता?”

“आता दिसते.”

“तू त्या हातभर जागेत काय केलं?”

“थोडा चढ कमी केला. बरं दिसत नव्हतं.”

“हां. म्हणजे तुले बरं दिसावं म्हणून हा काडीवाला मेला.”

तो चढ मी पुन्हा होता तसा केला, आणि तेव्हापासून टेबलाला डोळा लावल्याशिवाय मी एकही मॉडेल घराबाहेर जाऊ दिलं नाही. टेकडी किती उंच, हा प्रश्नच नसतो. टेकडीवरून काय दिसतं आणि काय लपतं, हा प्रश्न असतो. त्यावर माणसं जगतात आणि मरतात.

इथं बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, कारण पुढचं भांडण तिच्यावर उभं आहे. खऱ्या मापानं टेकडी बनवली तर टेबलावर ती पुरणपोळीइतकी सपाट दिसते. म्हणून आम्ही उंची दुप्पट किंवा तिप्पट करतो. हे खोटं नाही का? नाही. सगळ्याच उंच्या तिप्पट केल्या, तर एका टेकडीवरून दुसरीकडे दोरा ताणा, तो जिथून जायला हवा तिथूनच जातो. जे लपलेलं होतं ते लपलेलंच राहतं. चढ तेवढा जास्त उभा दिसतो, म्हणून कोपऱ्यात ‘उंची तिप्पट’ असं लिहायचं. पण एकच टेकडी वाढवली किंवा एकच कमी केली, तर सगळी लढाई खोटी झाली.

दुसरी एक पद्धत सुभेदारांची. ज्या जागेचं मॉडेल, तिथली चिमूटभर माती आणायची आणि सगळ्यात वरच्या थराखाली ठेवायची. पाहणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मी विचारलं, मग उपयोग काय? ते म्हणाले, “तुले माहीत राहते नं. मातीसाठी तू तिथं गेला होता, घरी बसून डोंगर नाही बनवला, एवढं तुले माहीत राहते.” मी ती पद्धत कधी मोडली नाही.

आता एक गंमत. कळमेश्वरचे एक ठेकेदार माझ्याकडे आले. नाव सांगत नाही, ते अजूनही चिडतील. त्यांचे पणजोबा कोणत्याशा लढाईत लढले होते, तिचं मॉडेल दिवाणखान्यात ठेवायचं होतं. मी विचारलं, कोणती लढाई? म्हणाले, “मोठी होती.” कोणाविरुद्ध? “ते तुम्ही पाहा.” पुरावा म्हणजे एक फोटो, त्यात फक्त मिशा आणि पगडी.

मी जागा कळल्याशिवाय हात लावणार नाही म्हणालो. ते म्हणाले, “तुम्ही पणजोबा सुरू करा, जमीन मागून पाहू.” महिनाभर वादावादी झाली. शेवटी त्यांच्या आत्याच्या पेटीत एक जुना कागद निघाला, त्यात नदी पायी ओलांडायच्या एका उताराचा उल्लेख होता. मी तो उतार शोधला, दोन दिवस पाण्यात उभा राहून आलो, आणि बनवला. मग पणजोबांच्या मापावरून भांडण.

“हत्तीपेक्षा मोठे पाहिजेत.”

“हत्तीपेक्षा मोठा माणूस लोकाईले राक्षस वाटीन, भाऊ.”

“मग हत्तीएवढे.”

“हत्ती खाली बसवतो, पणजोबा घोड्यावर बसवतो. बरोबरीत येते.”

“हत्ती काहून खाली बसला?”

“पणजोबाले पाहून.”

ते इतके खूश झाले की मला त्यांनी घरी जेवायला नेलं.

सौदा करायची ही रीत मला कुणा व्यापाऱ्यानं नाही शिकवली, ती त्या गच्चीवरची. सुभेदार पोरांना सांगायचे, समोरच्याला मागं हटायला एक वाट मोकळी ठेवा. चारही बाजूंनी कोंडला तर तो मरेपर्यंत लढतो. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक वाट ठेवत आलो. हत्ती खाली बसवणं ही ठेकेदाराची वाट होती. ते असंही सांगायचे, की शत्रू एखादी जागा फार सहज सोडत असेल तर त्या जागेकडे पाहू नका, तो कुठं चालला ते पाहा. हे मी शंभर वेळा ऐकलं आणि दुसऱ्यांना ऐकवलंही. पुढं काय झालं ते सांगतोच.

फुगवलेल्या पणजोबांमुळे सुभेदार मला झापतील अशी भीती होती. ते येऊन पाहून हसले. “मानूस मोठा केला तं चालते गा. खऱ्या मापानं केला तं तिळाएवढा होईन. मानूस फुगव, घोडा फुगव, झेंडा फुगव. त्याईच्याबद्दल लोक तसंही मनाचंच सांगतेत. जमिनीले हात नोको लावू. थे बिचारी बोलत नाही, म्हनून तिच्याबद्दल खोटं नाही सांगाचं.”

आता देशकर सर.

शहरातल्या एका संस्थेनं इतिहासाचं दालन काढायचं ठरवलं. देशकर सर निवृत्त प्राचार्य, त्या समितीचे प्रमुख. बोलणं मऊ, शर्ट कडक. त्यांना सीताबर्डीच्या लढाईचं मोठं मॉडेल हवं होतं, बारा फूट बाय आठ. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गावचे डोंगर बनवले होते. आपल्या शहराच्या मधोमध असलेली, रेल्वे स्टेशनला जाताना रोज दिसणारी टेकडी मला कुणी मागितली नव्हती.

परगावच्या वाचकांसाठी थोडक्यात. सीताबर्डीला टेकड्या दोन आहेत, एक मोठी, एक छोटी. मधे खोलगट मान. इंग्रजांच्या कंपनीची फौज दोन्हींवर होती, नागपूरची फौज खाली, संख्येनं जास्त. रात्रभर लढाई झाली. सकाळी आपल्याकडच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली. तिथून मोठी इतकी जवळ की तोफ सरळ डोक्यावर. तो थोडा वेळ लढाई आपली होती. मग छोटीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला, आणि मोठीवरचे कंपनीचे शिपाई मान ओलांडून आले आणि त्यांनी छोटी परत घेतली. ती गेली आणि सगळं गेलं. घेतलेली जागा टिकवायला मागून बळ वेळेवर पोचलं नाही, असं माझं मत आहे. मी विद्वान नाही. पण टेबलाला डोळा लावून सात महिने त्या दोन टेकड्यांकडे मी पाहिलं आहे.

किल्ला लष्कराकडे आहे. साधारण माणसाला वर्षातले मोजकेच दिवस आत सोडतात. मी असा एकही दिवस चुकवला नाही. एकदा सुभेदार बरोबर आले. गुडघ्यांमुळे त्यांना चढवेना, ते खाली चहाच्या टपरीवर बसले. मला सांगितलं, “वर जाऊन उभ्यानं पाय. मंग बसून पाय. मंग झोपून पाय. शिपाई उभा राहून लढत नाही.” मी जिथवर जाऊ देतात तिथवर गेलो आणि गवतात आडवा झालो. एक जवान धावत आला.

“क्या हुआ? चक्कर आया क्या?”

“नहीं, देख रहा हूँ.”

“लेटके?”

“मेरे सुभेदारसाब ने बोला है.”

तो ‘सुभेदार’ शब्दावर थबकला आणि म्हणाला, “तो ठीक से देखो.” येताना वाटेच्या कडेची चिमूटभर माती रुमालात बांधून आणली. टपरीवर सुभेदारांनी रुमाल उघडून पाहिला आणि पुन्हा गाठ मारली. त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

मोठी टेकडी सोळा थरांची झाली, छोटी अकरा. अकराव्या थराखाली मी माती ठेवली.

आता माझी चूक. कुठल्याही दालनात जा, पाटीवर देणगीदाराचं नाव असतं, उद्घाटकाचं असतं, बनवणाऱ्याचं नसतं. माझ्या हातची मॉडेलं विदर्भभर पसरली आहेत, एकावरही माझं नाव नाही. या वेळी मी ठरवलं, नाव घेतल्याशिवाय सही करायची नाही.

देशकर सर म्हणाले, “कारागिराचं नाव लिहिण्याची प्रथा नाही, ढोके.”

“कारागीर मंदिराचं दार बनवते, सर. मी लढाई बनवून राहिलो.”

“आपण पुस्तिकेत आभार मानू.”

“पुस्तिका लोक भेळ खायले वापरतेत. पाटी पाहिजे. पितळेची.”

दोन बैठका मी फक्त पाटीवर लढलो. दुसऱ्या बैठकीत टेबलावर मूठ आपटली, पाण्याचा पेला पडला. तिसऱ्या बैठकीत सर एकाएकी मवाळ झाले. “ठीक आहे. पितळेची पाटी, तुमचं पूर्ण नाव, अक्षरं कोरीव.” त्यांनी कागद पुढं सरकवला. मी पाटीचा मजकूर तीनदा वाचला, नावातली वेलांटी तपासली आणि सही केली. त्याच्याच खाली एक ओळ होती, ती मी वाचून न वाचल्यासारखी केली: ‘मांडणीच्या दृष्टीने आवश्यक ते बदल करण्याचा अधिकार समितीस राहील.’ मांडणी म्हणजे दिवे, पडदे, दोरखंड, असं मला वाटलं. घरी येऊन बायकोला म्हणालो, “जिंकलो.”

मॉडेल चार भागांत पोचवलं, दालनात जोडलं. सर म्हणाले, “आता काच बसेपर्यंत तुम्ही येण्याची गरज नाही.” मी गेलो नाही. उद्घाटनाची पत्रिका आली ती सगळ्यांना येते तशी, छापील. मी नवा सदरा घातला आणि सुभेदारांना ऑटोनं घेऊन गेलो. त्यांनी पदकं लावली होती. ऑटोत म्हणाले, “पाटी कुठून दिसते रे? आल्याबरोबर का?” माझ्यापेक्षा त्यांनाच घाई होती.

भाषणं झाली, फीत कापली, दिवे लागले. लोक मोठ्या टेकडीचे फोटो काढू लागले. खरंच सुंदर दिसत होती. सुभेदार गर्दीतून हळूहळू टेबलापर्यंत गेले. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. वाकले. छोट्या टेकडीच्या बाजूनं काचेला डोळा लावला. मी त्यांच्याकडे पाहत होतो, मॉडेलकडे नाही. तीस वर्षांनी माझी परीक्षा होती आणि मला उत्तर माहीत होतं.

ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग दुसऱ्या बाजूला गेले, तिथून पाहिलं. मग पाटी वाचली, ओठ हलवत, माझं पूर्ण नाव. मग माझ्याकडे वळले.

“वामन, एवढ्याशा उंचवट्यासाठी मानसं काहून मेली गा?”

मी खाली पाहिलं. छोटी टेकडी नव्हती. तिच्या जागी एक ढेकूळ होतं, वर नवीन हिरवा रंग. कापताना कडेचं प्लास्टर उडालं होतं, तिथं उघडे पडलेले थर मी काचेला नाक लावून मोजले. सहा. अकरातले सहा. तिच्या माथ्यावरून आता मोठीचा फक्त पायथा दिसत होता. तिथं तोफ ठेवून कुणालाही काही करता आलं नसतं. ती घेणारे मूर्ख ठरत होते, ती परत घेणारे त्याहून मूर्ख.

मी देशकर सरांना पाहुण्यांमधून बाहेर ओढलं. हो, ओढलं, बाहीला धरून.

“टेकडी कोनं कापली?”

“हळू बोला, ढोके. दारातून येणाऱ्याला समोर छोटीच येत होती. मोठी झाकली जात होती. लोकांना मोठी पाहायची असते.”

“मंग टेबल फिरवाचा होता!”

“वीजजोडणी झाली होती. आणि शेवटी छोटी ती छोटीच दिसायला हवी ना?”

या वाक्यावर मी काचेवर मूठ मारली. काच फुटली नाही, मनगट सुजलं. दोन माणसांनी मला दाराकडे नेलं. मागून कुणी तरी म्हणालं, घेऊन आला वाटते. मी आयुष्यात कधी घेतली नाही. त्या गोंधळात वरच्या कर्ण्यातून गंभीर आवाज सुरू होता, की ही लढाई आपण केवळ फितुरीमुळे हरलो. आता कुणीही तसं म्हणावं. ते खोटं पाडणारी जमीनच राहिली नव्हती.

सुभेदार फाटकाशी ऑटोत जाऊन बसले होते. मी त्यांना घरी घेऊन गेलो. उतरताना म्हणाले, “कागद आहे का काही? आन.”

मी घरून कागद आणला. त्यांनी चष्मा लावला, सगळा वाचला, आणि त्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाचलं होतं?”

“वाचलं होतं.”

“सही कोनाची आहे?”

“माझी.”

त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवली. “पाटीवर तीन दिवस लढला. इकडं मान उघडी सोडली.” एवढंच म्हणाले. मी ओरडलो, करवत मी चालवली का? ते म्हणाले, “नाही. पन आत जाऊ कोनं देल्लं?”

पुढच्या आठवड्यात त्या दालनाचं काम केलेला सुतार माझ्या दारात आला. हातात पिशवी. “दादा, हे मागच्या अंगणात फेकलं होतं. मीच कापलं. मले सांगतलं म्हणून कापलं. पन फेकवलं नाही गेलं, म्हणून उचलून ठेवलं.” पिशवीत माझे पाच थर होते, एकसंध. मी वरचा थर करवतीच्या पात्यानं उचकटला. माती तशीच होती.

सुताराचा मला राग आला नाही. का कोण जाणे, त्याच्यासाठी मी चहा ठेवायला सांगितला. तो जाताना म्हणाला, “गोंद लावला तं अर्ध्या दिवसात बसते, दादा. जागा तशीच आहे. मी फक्त रंग मारला.”

मी देशकर सरांना तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही. फोन केला, तर ‘समितीपुढे ठेवतो’. परत केला, तर ‘सर बाहेरगावी आहेत’, आणि मागं सरांचा खोकला ऐकू येतो. बरं, माझं नाव तरी काढा म्हटलं, तर म्हणतात, पाटीचं करारात आहे, ती काढता येणार नाही. म्हणजे माझी ओळ माझ्याविरुद्ध पाळतात आणि त्यांची ओळ त्यांच्यासाठी. सौद्यात मला इतकं कुणी मारलं नव्हतं. चिडतो, आणि मनातल्या मनात म्हणतो, काय खेळला गडी. मग परत चिडतो.

रविवारी तिथं भरतीच्या वर्गांतल्या मुलामुलींचे गट नेतात. एकदा मी टोपी घालून गर्दीत उभा राहिलो. मार्गदर्शक बाई चांगल्या बोलत होत्या. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, मग त्यांनी ही लहान टेकडी घेतलीच कशाला?” बाई म्हणाल्या, “तेव्हाच्या लोकांना युद्धशास्त्र कळत नव्हतं.” मुलीनं ते वहीत लिहून घेतलं. मी तिथून निघालो ते सक्करदऱ्यापर्यंत पायी आलो.

ती मुलगी उद्या वर्दी घालील. तिच्या वहीत लिहिलंय की ते शिपाई अडाणी होते. त्यांनी बरोबर जागा ओळखली होती, जीव देऊन घेतली होती, आणि ती टिकवायला मागचे कमी पडले, हा त्या लढाईचा धडा. फितुरी म्हटलं की आपल्याला काही शिकावं लागत नाही, एका माणसाला शिव्या घालून घरी जाता येतं. मीही तेच करतो आहे का, हे स्वतःला रोज विचारतो. म्हणून वरची सहीची गोष्ट लपवली नाही. संपादक म्हणाले होते, ती गाळली तर तुमची बाजू भक्कम होईल. मी म्हणालो, जमीन आहे तशी ठेवा.

दर गुरुवारी मी सुभेदारांकडे जातो. चहा मिळतो. तब्येतीबद्दल बोलतात, पोरांच्या भरतीबद्दल बोलतात. पूर्वी निघताना विचारायचे, “नवीन काय बनवून राहिला?” उद्घाटनापासून एकदाही विचारलेलं नाही. मला बाकी कशाचंही वाईट वाटत नाही एवढं याचं वाटतं. पितळी पाटी मी ज्या एका माणसानं वाचावी म्हणून मिळवली, त्यानं ती वाचली आणि मला कामाबद्दल विचारणं सोडलं.

पाच थर माझ्या कारखान्यात फळीवर आहेत. माती परत जागेवर ठेवून वरचा थर मी चिकटवला आहे. देशकर सर, मला दालनाची किल्ली आणि एक दुपार द्या. टेबल फिरवायची माणसं मी आणतो, वीजवाला मी आणतो. आणि ते द्यायचं नसेल, तर पाटीवर माझ्या नावाखाली दुसरं नाव कोरा, छोटी टेकडी कापायला सांगणाऱ्याचं. अक्षरं तेवढीच मोठी.

तेही नको असेल, तर सक्करदऱ्यात या. सुभेदारांचं घर कुणीही दाखवील, गच्चीवर अजून माझं पहिलं मॉडेल आहे, रंग उडालेलं, पण काडी जिथं लपायला हवी तिथं लपते. त्यांच्यासमोर बसा आणि त्यांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, की त्या एवढ्याशा उंचवट्यासाठी माणसं का मेली. सहीचा जाब मी इथं दिला आहे, छापून, माझ्या नावानिशी. करवतीचा जाब तुमच्याकडे आहे, सर. तो द्या.